भांगेचं बी: दिसते ती आई, लपतो तो बाप

1894 साली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा, म्हणजे भांग-गांजाच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाचा, सात खंडांचा अहवाल निघाला. अकराशेहून जास्त लोकांच्या साक्षी त्यात आहेत आणि गांजाच्या, म्हणजे भांगेच्या मादी तुऱ्यांच्या, शेतीचं त्यातलं वर्णन अतिशय बारकाईचं आहे. बंगालात नौगावच्या पट्ट्यात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पीक फुलावर यायच्या बेतात आलं की शेतकरी एका जाणकाराला बोलावत. त्याला परखदार किंवा पोद्दार म्हणत; इंग्रज अधिकारी ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. हा माणूस ओळीओळीने शेत पालथं घालायचा, एकेक झाड निरखायचा आणि नर निघेल ते दाखवून द्यायचा. तो म्हणेल ते झाड उपटलं जाई. एका फेरीत काम भागत नसे, कारण काही नर उशिरा ओळखू येतात. म्हणून त्याला पुन्हा बोलावणं जाई. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, निघे आणि मध्य प्रांतात खांडव्याकडे. तिथेही नर झाड शेतात राहू न देणं हाच या शेतीचा कणा होता.

नरावर एवढा राग का, हे मादीचं फूल पाहिलं की कळतं. भांगेच्या मादी फुलाला पाकळ्यांची शोभा नसते. एका छोट्या हिरव्या वेष्टनात एकच बीजांड असतं आणि वेष्टनाच्या टोकातून दोन पांढरे केस बाहेर डोकावतात. ते केस म्हणजे कुक्षी, पराग झेलणारा भाग. वेष्टनावर राळेच्या बारीक ग्रंथी असतात आणि झिंग आणणारं द्रव्य त्या राळेत असतं. पराग पडला की केस तपकिरी होऊन सुकतात, आतलं बी भरू लागतं आणि झाडाची ताकद बियांकडे वळते. पराग मिळालाच नाही तर मादी फुलावर फूल काढत राहते, तुरे दाट होतात, राळ वाढते. शेतात एक नर चुकून राहिला तरी आजूबाजूचे तुरे बियांनी भरत आणि मालाचा भाव पडे.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो. भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे ‘एनडीपीएस’खाली, परवान्याशिवाय भांगेचं झाड लावणं हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कुंडीतल्या एका झाडालाही त्यातून सूट नाही. सुटं पान आणि सुटं बी गांजाच्या व्याख्येत बसत नाही, हे खरं; पण त्यावरून ‘मग झाड लावायला काय हरकत’ असा अर्थ काढू नये. कॅनडात मात्र 17 ऑक्टोबर 2018 पासून एका घराला चार झाडं लावता येतात, क्वेबेकसारखा प्रांत सोडून. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला तीन. टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना शेजाऱ्याच्या परसात हे झाड दिसतं आणि ‘फेमिनाइज्ड’, ‘रेग्युलर’, ‘ऑटो’ असे शब्द बियांच्या पाकिटावर वाचायला मिळतात. त्या शब्दांमागचं शास्त्र फार देखणं आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा दिल्लीतून गेलेला आहे. (ताग आणि अंबाडी या वेगळ्याच वनस्पती आहेत. धागा देतात म्हणून त्यांना भांगेच्या कुळात ढकलू नये.)

बहुतेक फुलझाडांत एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. जास्वंद घ्या, वांगं घ्या. नर वेगळा, मादी वेगळी अशी विभागणी असलेल्या जाती शंभरात पाच-सहाच्या आसपास भरतात. पण आपल्याकडे त्यांची ओळख चांगली आहे. पपईचं रोप लावून काही महिने वाट पाहणाऱ्याला नुसते लोंबते तुरे दिसतात तेव्हा कळतं की हा नर निघाला. कोकणात जायफळ लावणारा तर कित्येक वर्षं वाट पाहतो. पावसाळ्यातली करटोली, रातांबा, खजूर ही सगळी त्याच गोतातली. भांग वर्षायू असल्यामुळे अभ्यासकांना सोयीची पडली: सगळं उत्तर एका हंगामात मिळतं. वनस्पतींनाही नर-मादी असतात हे प्रयोगाने दाखवणारा जर्मन वैद्य रुडॉल्फ कॅमेरारियस याने 1694 मध्ये ट्युबिंगेनहून लिहिलेल्या पत्रात ज्या झाडांची हकिगत सांगितली त्यात भांग होती. नरांपासून वेगळ्या ठेवलेल्या माद्यांवरही काही बिया धरल्या आणि तो अस्वस्थ झाला. इतर झाडांत हिशेब जुळला होता, भांगेत जुळेना. का जुळला नाही, ते पुढे येईलच.

भांगेच्या पेशीत वीस गुणसूत्रं असतात, दहा जोड्या. नऊ जोड्या नर-मादीत सारख्याच. दहावी जोडी लिंगाची: मादीत एक्स-एक्स, नरात एक्स-वाय. माणसासारखीच व्यवस्था, पण माणसाकडून आलेली नाही. वनस्पतींत ती स्वतंत्रपणे उभी राहिली. बिअरमध्ये घालतात त्या हॉपच्या वेलीशी भांगेचं जवळचं नातं आहे आणि त्या वेलीतही हीच जोडी सापडते. मादीच्या प्रत्येक बीजांडात एक्सच जातो. परागकणात मात्र निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. म्हणजे बी नर होणार की मादी, हे परागाने ठरतं. साध्या, म्हणजे पाकिटावर ‘रेग्युलर’ लिहिलेल्या, बिया मूठभर पेरल्या तर साधारण अर्धे नर, अर्ध्या माद्या निघतात.

बियांकडे बघून यातलं काही ओळखता येत नाही. करड्या-तपकिरी कवचावर गडद रेघांची नक्षी असते, आकार कमीजास्त असतो. गोल बी मादी, लांबट बी नर असली ठोकताळ्यांची चित्रं फिरतात, त्यांत तथ्य नाही. कवच आईच्या पेशींचं असतं, आतल्या गर्भाचं लिंग त्यावर उमटायला वाव नाही. रोप उगवल्यावरही काही आठवडे दोन्ही सारखीच दिसतात.

मग साधारण चार ते सहा आठवड्यांनी खोडाच्या वरच्या पेऱ्यांवर लक्ष ठेवायचं. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथे बारीक टोकदार उपपर्ण असतं. ते भिंगाखाली हळूच बाजूला केलं की त्याच्या पोटाशी पहिलं फूल दिसतं. मादी असेल तर टाचणीच्या डोक्याएवढं, बुडाशी फुगीर, टोकाला निमुळतं वेष्टन, आणि एक-दोन दिवसांत त्यातून इंग्रजी ‘व्ही’सारखे फाकलेले दोन पांढरे केस. नर असेल तर छोट्या देठावर बसलेली गोल बंद कळी, केस नसलेली. काही दिवसांनी तिच्याशेजारी दुसरी, तिसरी, आणि मग घोसच. कळी उमलली की पाच पिवळट-हिरवी दलं मागे वळतात आणि पाच पुंकेसर खाली लोंबतात. परखदाराची नजर कामाला येई ती यापूर्वीच्या टप्प्यावर, कळी कळी म्हणून ओळखू यायच्या आधी. आज हेच काम पानाच्या तुकड्यातून होतं: 1990 च्या दशकात वाय गुणसूत्राशी बांधलेल्या डीएनए खुणा सापडल्या आणि आता रोपाला दोन-तीन पानं आली की प्रयोगशाळा उत्तर देऊ शकते.

घाई का करायची, तर परागामुळे. नराच्या एका फुलात सुमारे साडेतीन लाख परागकण असतात असा अंदाज आहे आणि फुलं शेकड्यांनी येतात. मधमाश्यांची गरज नाही, वारा पुरतो. मोरोक्कोच्या डोंगरांतल्या पिकाचे परागकण समुद्र ओलांडून स्पेनमधल्या मालागाच्या हवेत सापडल्याची नोंद 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. बियाण्यासाठी भांग घेणाऱ्यांना म्हणूनच दुसऱ्या पिकापासून किलोमीटरच्या हिशेबात अंतर ठेवावं लागतं.

आता कॅमेरारियसच्या कोड्याकडे. एक्स-एक्स म्हणजे मादी, एक्स-वाय म्हणजे नर हा पाया पक्का, पण फुलाचं अंतिम रूप झाडातल्या संप्रेरकांच्या हातात असतं. त्यामुळे मादी झाडावर अधूनमधून नर फुलं येतात. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॉन शॅफनर यांनी 1920 च्या दशकात भांग हिवाळ्यात, आखूड दिवसांच्या उजेडात वाढवली आणि मोठ्या संख्येने झाडं दोन्ही प्रकारची फुलं काढू लागली. दिवस किती लांबीचा, यावरच फुलांचं लिंग हलतंय असं त्यांना दिसलं. कॅमेरारियसच्या एकाकी माद्यांनी स्वतःच्याच थोड्या परागावर बी धरलं असणं सहज शक्य आहे.

संप्रेरकांचा खेळ कसा चालतो हे उलगडण्यात दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम यांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं. 1970 मध्ये त्यांनी आणि व्ही. एस. जायस्वाल यांनी भांगेच्या नर झाडावर मादी फुलं आणून दाखवली. त्यासाठी वापरलेलं रसायन डाळिंबवाल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचं आहे: बहार धरताना पानगळीसाठी फवारतात ते इथ्रेल. ते झाडात जाऊन इथिलीन वायू सोडतं, आणि इथिलीन फुलाला मादीकडे झुकवतं. काकडीवर्गीय वेलींतही इथ्रेलने मादी फुलं वाढतात. 1972 मध्ये या दोघांनी उलटी बाजू दाखवली: जिबरेलिन नावाचं संप्रेरक दिलं की मादी झाडावर नर फुलं येतात. आणि 1982 मध्ये मोहन राम आणि आर. सेट यांचा निबंध आला. मादी झाडाला चांदीचं संयुग दिलं की त्यावर नर फुलं येतात, आणि ती नुसती दिसायला नर नसून त्यांचा पराग कामाचा असतो, असं त्यात होतं.

चांदीच का? इथिलीनचा निरोप पेशीपर्यंत पोचवणारी जी ग्राहक प्रथिनं असतात, त्यांच्या कामात चांदीचा आयन अडथळा आणतो. वायू असतो, पण पेशीला तो ऐकू येत नाही. मादीपणाचा निरोप पोचत नाही आणि फूल नर घडतं. कार्नेशनची कापलेली फुलं फुलदाणीत जास्त दिवस टिकावीत म्हणून हीच युक्ती वापरतात, कारण फूल कोमेजायलाही इथिलीनच जबाबदार असतो.

याचा परिणाम पाहा. ज्या झाडावर हे नर फूल आलं त्याच्या पेशीत वाय गुणसूत्र नाहीच. म्हणजे त्याच्या परागात फक्त एक्स. हा पराग दुसऱ्या मादीवर पडला तर आईकडून एक्स, या ‘बापा’कडूनही एक्स, आणि सगळ्या बिया मादी. पाकिटावर ‘फेमिनाइज्ड’ लिहिलेलं असतं ते हे बी. 1990 च्या दशकात नेदरलँड्समधल्या बियाणे विक्रेत्यांनी ते बाजारात आणलं. बीमध्ये जनुकं कापून-जोडून काही केलेलं नसतं; लिंगाचा कल तेवढा काही आठवडे वळवलेला असतो. चांदी दिलेलं झाड मात्र फक्त बियांपुरतं, ते वापरात आणायचं नसतं.

पण मादीवर नर फुलं येण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक म्हणजे वरचा, बाहेरून रसायन देऊन. दुसरा म्हणजे झाडाचा स्वभावच तसा असणं: उन्हाचा ताण, रात्रीच्या अंधारात घुसलेला उजेड, मुळांची दैना, एवढ्यावर तुऱ्यांमध्ये पिवळे पुंकेसर डोकावू लागतात. या दुसऱ्या झाडाचं बीही मादीच निघतं, कारण वाय तिथेही नाही. म्हणून काहीजण खूश होऊन ते बी जपतात. पण त्या बीसोबत ताणाखाली लिंग बदलण्याची ओढही पुढे जाते, आणि पुढची पिढी ऐन फुलोऱ्यात स्वतःच स्वतःला बी धरते. रसायनाने मुश्किलीने वळणारी मादी ही पुढच्या पिढीसाठी चांगली आई, सहज वळणारी वाईट, असा उलटा निकष इथे लावावा लागतो. बरीचशी निवड या एका गोष्टीवर गेली तरी मला ती वाया गेली असं वाटणार नाही.

इथून पुढे बियाणं घडवण्याचा खरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तो मादीचा नाहीच, नराचा आहे. मादीचे गुण डोळ्यांसमोर असतात. तुरा किती भरला, वास कसला, बुरशी लागली का, हंगाम कधी संपला, सगळं कळतं. नराकडे तुराच नाही. राळ जवळजवळ नाही. पराग सांडला की काही दिवसांत तो वाळूनही जातो. तरीही प्रत्येक बीमध्ये त्याचा निम्मा वाटा असतो. वळू निवडताना हीच अडचण येते: दूध वळू देत नाही, त्याच्या लेकी देतात, म्हणून लेकी व्याल्याशिवाय वळूची किंमत कळत नाही. भांगेच्या बाबतीतही नराचा पराग कागदात कोरडा जपायचा, त्याची थोडी संतती वाढवायची, त्या लेकी पाहायच्या आणि मग बापाबद्दल मत बनवायचं, एवढा हा लांबचा रस्ता आहे. उंच, जोमदार, लवकर फुलणारा नर पाहून ‘हाच चांगला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते नराची उंची निवडत असतात. लेकींच्या तुऱ्याबद्दल त्यातून काही कळत नाही.

धाग्यासाठी भांग पिकवणाऱ्या युरोपात या अडचणीतून जो तोडगा निघाला तो मला फार आवडतो. धागा खोडात असतो, म्हणजे तो नरातही मोजता येतो. फक्त मोजायला झाड कापावं लागतं आणि कापलं तर पराग कुठून मिळणार? जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव ब्रेडेमान यांनी 1920 च्या दशकात उभ्या झाडाचं खोड फुलण्याआधी लांबीत उभं चिरलं. अर्धी फाक काढून तिच्यातला धागा मोजला. अर्धी फाक मुळाशी जोडलेली राहिली आणि झाड जगलं. ज्या नरांत धागा कमी निघाला ते पराग सांडण्याच्या आत उपटले. ज्यांत जास्त निघाला ते अर्ध्या खोडावर फुलले आणि शेतभर पराग त्यांचाच गेला. काही दशकांत धाग्याचं प्रमाण दुपटीहून वर गेलं. त्याआधी शतकानुशतकं शेतकरी चांगल्या माद्यांचं बी राखत आले होते, पण बाप कोण याचा निर्णय वाऱ्यावर सोडलेला होता.

राळेतल्या द्रव्यांचं कोडंही असंच सुटलं. नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी ही दोन्ही द्रव्यं एकाच कच्च्या मालापासून बनतात. कुठलं विकर काम करतं त्यावर काय बनणार ते ठरतं. 2003 मध्ये एटिएन डी मायर आणि सहकाऱ्यांनी निव्वळ टीएचसीचं झाड आणि निव्वळ सीबीडीचं झाड यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळ्या झाडांत दोन्ही द्रव्यं निघाली. त्या पिढीच्या पोटी जी दुसरी पिढी आली तिच्यात साधारण एक वाटा निव्वळ टीएचसीचा, दोन वाटे मिश्र, एक वाटा निव्वळ सीबीडीचा. मेंडेलच्या वाटाण्यासारखा स्वच्छ हिशेब. पुढे जनुकसंच वाचला गेला तेव्हा कळलं की हे एक जनुक नाही, जवळजवळ असलेली आणि एकत्रच वारशात जाणारी जनुकं आहेत. हिशेब मात्र तोच राहतो. नर झाडात राळ नगण्य असली तरी ही जनुकं असतातच, आणि पानाच्या डीएनएवरून ती वाचता येतात. परखदाराला नर फक्त ओळखता येत होता; आता नराच्या पोटात काय आहे तेही कळू शकतं.

आता हे चार कुंड्यांच्या मर्यादेत बसवून बघू. समजा कॅनडातल्या कुणाला ‘ऑटो’ गुण असलेलं स्वतःचं वाण हवं आहे. भांग एरवी रात्री लांबल्या की फुलते. रशियाकडच्या रानटी भांगेतून आलेला ‘ऑटो’ गुण दिवसाच्या लांबीकडे न बघता वयानुसार फूल आणतो. हा गुण बहुतांशी अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. साध्या झाडाशी संकर केला तर पहिल्या पिढीत एकही ‘ऑटो’ निघत नाही आणि नवखा माणूस इथेच नाउमेद होतो. दुसऱ्या पिढीत चारात एक निघतो. त्यात निम्मे नर. म्हणजे ‘ऑटो’ मादी आठात एक. चार बिया पेरल्या तर चारही वेळा ती न मिळण्याची शक्यता म्हणजे सात अष्टमांशाचा चार वेळा गुणाकार, सुमारे 59 टक्के. निम्म्याहून जास्त वेळा हंगाम गेला आणि हाती काही नाही. सगळं बी मादी असेल तरीही रिकाम्या हाताची शक्यता सुमारे 32 टक्के राहते. आणि हा फक्त एका गुणाचा हिशेब झाला. वास, बुरशीला दाद न देणं, हंगाम असे गुण तर अनेक जनुकांवर उभे असतात. घरच्या चार झाडांतून बी धरता येतं, आनंदही मिळतो. पण त्याला वाण म्हणणं घाईचं होतं. वाणासाठी शेकडो झाडं पाहून बहुतेक टाकून द्यावी लागतात.

पाकिटावरच्या ‘एफ1’चंही, म्हणजे पहिल्या पिढीच्या संकरित बियाण्याचंही, तसंच. आपल्याकडे 1964 मध्ये सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली तेव्हापासून शेतकऱ्याला माहीत आहे की हायब्रीडचं बी घरी राखून चालत नाही. दुसऱ्या वर्षी कणसं नाना तऱ्हेची निघतात. खरा एफ1 होण्यासाठी दोन्हीकडचे पालक आधी पिढ्यान्पिढ्या एकसारखे करून घ्यावे लागतात. भांगेत हे अवघड, कारण ती स्वभावतः परक्या परागावर जगणारी आहे. तिला स्वतःच्याच परागाने फळवत नेलं तर दर पिढीला जनुकांतली विविधता निम्म्याने घटते आणि झाड खुरटू लागतं, मक्यात होतं तसं. म्हणून बाजारात ‘एफ1’ म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा दोन मिश्र झाडांचा संकर एवढंच असतं, आणि एकाच पाकिटातली पाच बी पाच तऱ्हांची निघतात. ज्याला नेमकं तेच झाड पुन्हा हवं असतं तो बीच्या नादी लागत नाही, फांदीची छाट लावतो. भांगेचे प्रकार सांगणाऱ्या ‘इंडिका’, ‘सटायव्हा’ या शिक्क्यांवर तर मी मुळीच भरवसा ठेवत नाही. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी नमुन्यांचा डीएनए तपासला तेव्हा हे शिक्के आणि झाडाचा खरा वंश यांचा मेळ नीट बसला नाही.

फ्रान्समध्ये धाग्याच्या आणि बियांच्या पिकासाठी आणखी एक वाट काढली गेली: एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही फुलं असलेली वाणं. फेडोरा 17, फेलिना 32, फ्युचुरा 75 ही त्यातली नावं. नर आधी वाळतो, मादी उशिरा पिकते, मग यंत्राने एकदम कापणी कशी करायची, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला. ही उभयलिंगी झाडंही एक्स-एक्सच असतात. पण बियाण्याच्या शेतात एखादा खरा एक्स-वाय नर शिरला तर त्याचा पराग एवढा की पुढच्या वर्षी त्याची संतती लक्षात येण्याइतकी निघते आणि तिच्यातले निम्मे पुन्हा नर. दरवर्षी माणसं शेतात फिरून ते नर काढतात. काढले नाहीत तर काही पिढ्यांत पीक पुन्हा अर्धे नर, अर्ध्या माद्या या मूळ ठिकाणी येतं.

आपल्या देशात हा सगळा हिशेब आज सर्वात जास्त लागू होतो तो उत्तराखंडात. एनडीपीएस कायद्याच्या 14व्या कलमात धागा, बी आणि बागायती उपयोगासाठी भांग लावू देण्याची मुभा सरकारला आहे, आणि 2018 पासून त्या राज्याने परवाने दिले. अट अशी की पिकात टीएचसी 0.3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कुमाऊँ-गढवालात भांगेचं बी भाजून चटणीत वाटतात, सालीपासून दोर वळतात. बीमध्ये नशा नसते, तेल आणि प्रथिनं भरपूर असतात. पण तिथली रानोमाळ वाढलेली स्थानिक भांग या मर्यादेत सहसा बसत नाही. परवानाधारक शेतकरी बाहेरून सीबीडी प्रकारचं प्रमाणित बी आणून लावतो, त्याचं पहिलं पीक तपासणीत पास होतं. समजा पैसे वाचवण्यासाठी त्याने त्याच पिकाचं बी राखलं. शेताच्या चहूबाजूंच्या उतारावर रानभांगेचे नर उभे असतात आणि पराग वाऱ्यावर येतो. त्या परागातून आलेलं बरंचसं बी डी मायरच्या पहिल्या पिढीसारखं मिश्र निघतं, निम्मं काम टीएचसीच्या जनुकाचं. शेतकऱ्याने माद्या जपून निवडल्या असतील, तुरे सारखे दिसत असतील, बीही टपोरं असेल, तरी दुसऱ्या वर्षीचं पीक मर्यादा ओलांडू शकतं आणि ते कायद्याने त्याच्या हातून जातं. म्हणून डोंगराळ भागात भांगेच्या शेतीला परवाना देताना बियाणं कुणी, कुठल्या दरीत, रानभांगेपासून किती अंतरावर आणि कुठला नर ठेवून तयार करायचं, हे आधी ठरवायला हवं, आणि ते काम एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये.